शमूची साक्ष मी लिहिली होती

शनिवारी सकाळी माझ्या भावाने बाबांच्या डोक्यात मागाचा जड लाकडी धोटा घातला. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडले. आई तिथेच होती. मी शिकवत होते त्या शाळेतून आले तेव्हा पोलीस दारात होते. ठाण्याच्या इस्पितळात नेताना बाबा वारले. भावाचं नाव शमुवेल. हे साल एकोणीसशे शहाऐंशी.

त्यानंतर सहा आठवड्यांनी आई आणि मी भिवंडी सोडली. एसटी स्टँडवर आमच्याबरोबर एक ट्रंक, दोन बोचकी आणि बाबांच्या पुस्तकांची पेटी होती. चर्चच्या ज्या मंडळीत आम्ही वीस वर्षं दर रविवारी उपासनेला बसलो, त्या मंडळीतलं कोणी आलं नाही. आले ते शब्बीरचाचा. शमू ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होता तिथले ते सगळ्यात जुने जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारे. त्यांनी ट्रंक टपावर चढवली, हात झटकले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "बेटी, लडका बुरा नहीं था. मोटर जलने से पहले बू आती है. तुम लोग तो पढे-लिखे हो. तुमको बू नहीं आई?"

गाडी सुटली. पडघ्याला गाडी थांबून पुन्हा निघाली तेव्हा आई म्हणाली, "आता ओळखीचं कोणी दिसायचं नाही. डोळे पूस."

त्या मंडळीतल्या तुमच्यापैकी काही जण अजून भिवंडीच्या नारपोलीतच आहात. काही वसईला गेलात, काही पुण्याला, एक-दोन आखातात. बारा वर्षांत तुमची पत्रं आली. त्यांत हवापाण्याची चौकशी असते, आईच्या गुडघ्यांची असते, शमूची नसते. म्हणून हे लिहिते आहे. मला लिहायला वेळ लागतो. पूर्वी लागत नव्हता, आणि त्याचंच हे सगळं झालं.

बाबा नगरकडून मास्तरकीसाठी भिवंडीला आले. नारपोलीत आमच्या दोन खोल्यांची मागची भिंत त्याच कारखान्याची होती. माग चालू असले की तांब्यातलं पाणी थरथरायचं. आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. नगरला गेलो की आत्या विचारायची, "काय रे, भांडता का सारखे?" शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी आपलाच आवाज आपल्याला परका वाटायचा.

शमू माझ्याहून सात वर्षांनी लहान. बारावीला दोनदा बसला आणि मग शब्बीरचाचांच्या हाताखाली लागला. बाबांना ते आवडलं नाही. "मास्तराचा मुलगा बारा तासांच्या ड्युटीवर," ते म्हणायचे. पण शमूचा हात यंत्रावर चांगला होता. चार महिन्यांनी तो घरी सांगू लागला की मागाच्या खडखडाटात कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारतं. त्याने ते कारखान्यातही सांगितलं. शब्बीरचाचा हसून म्हणाले होते, "सबको सुनाई देता है बाबू. मेरे को तो मेरी मरी हुई अम्मा बुलाती है, वो भी गाली दे के." सगळे हसले. शमूने ते घरी सांगितलं तेव्हा आम्हीही हसलो.

मग शुक्रवारीही हाका येऊ लागल्या. माग बंद, गल्ली शांत, आणि शमू भिंतीला कान लावून उभा. शब्बीरचाचा म्हणाले तो वास हाच. तो आला होता. आम्ही खिडकी उघडली नाही.

पुढचे महिने मी थोडक्यात सांगते. त्याने आरसा फोडला. जेवणात काहीतरी घातलंय म्हणून आईला थोबाडीत मारली, इतकी जोरात की तिच्या कानातून रक्त आलं. आमच्या घरमालकीण हिराबाय दारात येऊन म्हणाली, "मास्तर, पोराला भायेरचं लागलंय. ह्ये औशिदाचं काम न्हाय. आमचा भगत हाय, एक कोंबडा मागंल फकस्त." बाबा तिला नम्रपणे म्हणाले, "हिराबाय, आमच्यात हे चालत नाही." आणि ते शमूला ठाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. याचा मला अभिमान वाटला होता. आम्ही भगताकडे न जाणारी माणसं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिले पंधरा दिवस शमू नुसता झोपला. दोन महिन्यांनी हाका थांबल्या. गोळ्यांनी त्याचे हात कापायचे, बोलणं संथ झालं होतं, पण तो आईच्या हातचं खाऊ लागला. पुन्हा कामावर गेला. मंडळी त्याच्यासाठी दर बुधवारी प्रार्थना करत होतीच. प्रार्थनेचे पुढारी दिनकरभाऊ. तुम्हाला ते आठवत असतील, आणि मी त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. प्रार्थनेने त्यांची दारू सुटली होती. गटारातून उठून ते माणसात आले होते. स्वतःला जे मिळालं ते दुसऱ्याला द्यावं, एवढीच त्यांची तळमळ होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्याकडे साक्ष द्यायची रीत होती. ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्याने उभं राहून सांगायचं. ज्यांना बोलता येत नसे त्यांचं मी लिहून देत असे. मंडळीतल्या निम्म्या साक्षी माझ्या अक्षरातल्या. शमूची साक्षही माझ्याकडे आली. बाबा शेजारी बसले आणि एक वाक्य त्यांनी सांगून लिहवून घेतलं: ठाण्याच्या डॉक्टरांच्या औषधाने माझी झोप परत आली, याबद्दलही मी देवाचे आभार मानतो.

बुधवारच्या प्रार्थनेला दिनकरभाऊंनी कागद वाचला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "रूथताई, हे नको."

"पण भाऊ, गोळ्यांनी फरक पडला आहे."

"मग ही साक्ष दवाखान्यात जाऊन द्या की! तिथे कंपाउंडर आमेन म्हणेल."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. त्यांनी मऊ आवाजात पुढे म्हटलं, "दोन डगरींवर पाय ठेवून विश्वास होत नाही, ताई." मी त्या वाक्यावर रेघ मारली. वर सुबक अक्षरात लिहिलं: औषधाने नव्हे, केवळ प्रार्थनेने.

रविवारी शमूने ते वाचलं. त्याचे हात कापत होते, कागद फडफडत होता. बायका रडल्या. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं.

गोळ्या बंद करा असं कोणी म्हणालं नाही. तशी गरजच नव्हती. आता गोळी घेणं म्हणजे साऱ्या मंडळीसमोर दिलेली साक्ष खोटी करणं, हे आम्हा सगळ्यांना न सांगता कळत होतं. हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही, तुम्हाला पटेल. सोमवारी मी गोळ्यांची पाकिटं उचलून माझ्या शाळेच्या कपाटात ठेवली. फेकली नाहीत, हे मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते.

तीन आठवडे शमू जास्तच बरा दिसला. हात कापायचे थांबले. दिनकरभाऊ त्याला दुसऱ्यांच्या घरी घेऊन जायचे, बघा म्हणायचे. चौथ्या आठवड्यात मी वह्या तपासत होते, तो समोर येऊन बसला.

"ताई, गोळी दे गं. परत बोलवायला लागलेत."

"साक्ष दिलीस ना तू? सगळ्यांसमोर?"

"दिली. पण ती तू लिहिलीस."

"प्रार्थना कर," मी म्हटलं आणि पुढची वही घेतली. तो तिथेच बसून प्रार्थना करत राहिला. त्याचे ओठ हलत होते. मला समाधान वाटलं.

मग दिनकरभाऊंनी आत्मा घालवायला तीन दिवसांचा उपास ठरवला. शमूला अन्न नाही, पाणी घोटभर. आमच्याच पुढच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दिनकरभाऊंना ढकललं, तेव्हा प्रार्थनेला आलेल्या चौघांनी त्याला खाली पाडलं. एकाने छातीवर गुडघा ठेवला. दिनकरभाऊंनी बायबल त्याच्या कपाळावर दाबलं आणि आत्म्याला निघून जायची आज्ञा करत ते त्याच्या तोंडावर मारत राहिले. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शमूचे पाय बाबांनी धरले होते. बाबा रडत होते आणि धरून होते. मी भिंतीशी उभी राहून मोठमोठ्याने स्तोत्रं वाचत होते. कशासाठी ते सांगते. ओरडणं गल्लीत जाऊ नये म्हणून.

तेवढ्यात वीज गेली. माग थांबले. सगळ्या गल्लीने एकदम ऐकलं. शमू ओरडत होता, "गोळी द्या! मला गोळी द्या!" मग दार वाजलं. शब्बीरचाचा आणि तीन-चार कामगार होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, शमूच्या तोंडाकडे पाहिलं. हिराबाय मागून म्हणाली, "आन् आमचा भगत वाईट व्हय रं?"

शब्बीरचाचांनी डॉक्टरकडे न्यायला रिक्षा आणली होती. बाबांनी हात जोडून त्यांना परत पाठवलं. घरातली गोष्ट घरात राहू दे, म्हणाले. त्यानंतरचा शनिवार मी वर सांगितला. शमूने पोलिसांना एवढंच सांगितलं की यांनी माझे पाय धरले होते, आता हे मला विहिरीत टाकणार होते.

मी कपाट उघडलं तेव्हा पाकिटं तशीच होती.

नाशिकला मामाने आधार दिला. मला एका वसतिगृहात काम मिळालं आणि दोन वर्षांनी तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बंगळूरला एका इस्पितळात वर्षाच्या कोर्सला पाठवलं. कौन्सेलिंग हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तिथे मला नवी भाषा मिळाली: केस हिस्टरी, डोस, फॉलो-अप, रिलॅप्स. सकाळी वॉर्डात जायचं आणि संध्याकाळी चॅपलमध्ये बसायचं. आमच्याकडे जे विचारायची पद्धत होती ते, तुझ्याकडून कोणतं पाप झालं, तिथे कोणी विचारत नसे. झोप कशी आहे? जेवतोस का? हाका कधीपासून? इतक्या साध्या प्रश्नांना आम्ही घाबरलो होतो. शिकवणाऱ्या सिस्टरांनी एक केस लिहायला सांगितली. मी शमूची लिहिली, नाव बदलून, आपण कोणीच नसल्यासारखी. त्यांनी कागद परत दिला. समासात एकच ओळ होती: या घरात गोळ्या कोणी लपवल्या? मी दोन दिवस जेवले नाही. मग त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी लगेच प्रार्थना केली नाही. आधी सगळं ऐकलं. सगळं संपल्यावर केली.

नाशिकला परतल्यावर पाळकसाहेब, एक डॉक्टर आणि मी मिळून चर्चच्या मागच्या खोलीत बुधवारची दुपार सुरू केली. आधी डॉक्टर बघतात, मग मी बोलते, मग ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना. घरी भेटीला गेले तर माणूस गोळी गिळेपर्यंत मी प्रार्थनेला डोळे मिटत नाही. आजारातून उठलेल्याने वर्षभर साक्ष द्यायची नाही, आणि दिली तर डॉक्टरांचं नाव घ्यायचं, हा नियम मी मांडला तेव्हा मंडळीतली दोन घरं सोडून गेली. एका गवंड्याने बायकोला कुत्र्याच्या साखळीने पलंगाला बांधलं होतं. मी साखळीला हात लावला तसा त्याने पट्ट्याचं बक्कल माझ्या तोंडावर मारलं. माझा पुढचा दात पडला. पाळकसाहेब म्हणाले, पोलिसांत जाऊ. आम्ही गेलोही. पण त्या माणसाला राक्षस म्हणणं मला जमलं नाही. मी स्तोत्रं वाचत उभी होते, तो पट्टा घेऊन उभा होता. त्याच्या बायकोला आता बरं आहे.

कोर्टाने शमूला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात ठेवलं होतं. दर दोन महिन्यांनी मी त्याला भेटायला जात असे. औषधाने आधी त्याच्या हाका गेल्या. मग त्याला आठवलं. बरं होणं म्हणजे हेही असतं, हे मला कोणत्याच कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. एका भेटीत त्याने विचारलं, "ताई, बाबा पडले तेव्हा काही म्हणाले का?" मी त्या वेळी घरात नव्हते, हेही त्याला आठवत नव्हतं. पुढच्या भेटीत कळलं की त्याने गोळ्या गालात धरून थुंकायला सुरुवात केली होती.

"हाका परवडल्या," तो म्हणाला. "हाका होत्या तेव्हा मी काही केलं नव्हतं."

त्या दिवशी मी शिकलेलं सगळं विसरले. त्याच्यासमोर बाकावर बसले आणि गोळ्या मी लपवल्या होत्या, हे त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्याने माझ्या पडलेल्या दाताच्या जागेकडे पाहिलं. मग त्याने माझ्या गालावर सणसणीत थप्पड मारली. वॉर्डबॉय धावला. मी त्याला थांबवलं. शमू आजाराने मारत नव्हता, मला तो फरक कळतो. नंतर तो रडला, मीही रडले, आणि त्यानेच विचारलं, "प्रार्थना करतेस का आता?" आम्ही केली. हाका गोळीने जातात. हातून घडलेलं गोळीने जात नाही. ते घेऊन देवासमोरच बसावं लागतं, आणि बसायला डोकं ताळ्यावर लागतं. माझ्या कामात मला एवढंच खात्रीने सांगता येतं. त्या दिवसापासून त्याने गोळी चुकवली नाही.

मागच्या वर्षी रुग्णालयाकडून कळवण्यात आलं की घरच्यांनी जबाबदारी घेऊन सही केली तर त्याला सोडतील. आई तोवर एकदाही त्याला भेटायला गेली नव्हती. तिच्याशिवाय सही करणं मला शक्य होतं, पण घर तिचंही होतं. ती भाकरी थापत होती तेव्हा मी विषय काढला.

"आणि सही नाही केली तर?"

"तिथेच राहील."

"तिथे काय उपाशी ठेवतात?"

"नाही."

"मग?"

तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. पाचव्या दिवशी आईने विचारलं, "माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी लागते का नीट?"

"सैल आहे."

"नवी लाव. मग आण त्याला."

मी नवी कडी लावली. शमू आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि आईने त्याला पाणी दिलं नाही. ताट मात्र वाढलं, स्वतः दूर स्टुलावर बसून. त्याच्याकडे ती पाठ करत नाही. स्वयंपाक करताना तोंड दाराकडे ठेवते, त्यासाठी शेगडीची जागा तिने बदलून घेतली आहे. दुसऱ्या दिवशी मी गोळ्या काढल्या तेव्हा तिने हात पुढे केला.

"तुझ्या हातून नको. इकडे दे."

तेव्हापासून गोळ्या तिच्याकडे असतात. सकाळी आठला आणि संध्याकाळी जेवणानंतर ती त्याच्यासमोर उभी राहते. "तोंड उघड. जीभ वर कर. हं." एवढेच शब्द ती त्याच्याशी बोलते. पाळकसाहेबांनी तिला सुचवलं की क्षमेबद्दल मंडळीत दोन शब्द बोला, लोकांना बळ मिळेल. आई म्हणाली, "मी क्षमा केलेली नाही. गोळी देते. ते देवाला दिसतं, लोकांना कशाला दाखवू?"

घर कुठे, असं तुमच्यापैकी एकीने विचारलं होतं. नारपोलीच्या त्या खोल्यांत आता सुताचा माल ठेवतात असं कळलं. बाबा भिवंडीच्या मातीत आहेत. शमूने ती कबर अजून पाहिलेली नाही. त्याला जायचं आहे, आईने अजून हो म्हटलेलं नाही, आणि आम्ही तिला पुन्हा विचारलेलं नाही. शमू चौतीस वर्षांचा आहे. शेजारच्या बाइंडरकडे वह्या शिवतो. त्याचे हात कापतात. नाशिकला आमच्या दोन खोल्या आहेत. एकीत आई कडी लावून झोपते. दुसरीत शमू आणि मी. आम्ही तिघं आहोत.